अहमदाबादचा वीकेंड आखताना आधी जेवणाच्या वेळा लिहून काढा

शाकाहारी माणसांना घेऊन फिरायला जायचं म्हटलं की निम्मा वेळ हॉटेलच्या पाट्या वाचण्यातच जातो. माझी आई कांदा-लसूण चातुर्मासात खात नाही, एकादश्या सगळ्या धरते, आणि नवरा म्हणजे दोन तासांनी काहीतरी पोटात गेलं नाही की चेहरा उतरलाच. या दोघांना घेऊन दोन दिवसांत एखादं शहर बघायचं असेल तर मी कुणालाही डोळे झाकून अहमदाबाद सांगते. आम्ही ठाण्याहून तीनदा जाऊन आलो आणि पहिल्या खेपेला जे चुकलं ते तिसऱ्या खेपेला बरोबर जमलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिल्या खेपेला आम्ही सगळे करतात तेच केलं, म्हणजे बघायच्या जागांची यादी केली, नकाशावर जवळजवळच्या जागा जोडल्या आणि जेवण मिळेल तिथे म्हणून सोडून दिलं. मग एका थाळीच्या ठिकाणी दुपारी सव्वातीनला पोचलो तर टेबलं पुसून खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या, आणि आईला शेवटी वेफर्सवर दुपार काढावी लागली. अहमदाबादमध्ये खायला काय मिळेल हा प्रश्नच नाही, कधी मिळेल हा आहे. इथे पदार्थांना वेळा आहेत. फाफडा सकाळचा, थाळी दुपारी तीनच्या आतली, माणेकचौकातलं रस्त्यावरचं खाणं रात्री नऊनंतरचं. या तीन वेळा कागदावर आधी लिहा आणि मधल्या रिकाम्या जागांत शहर बसवा, आपोआप बसतं.

आता कधी जायचं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस. एप्रिल-मे मध्ये पारा सरळ चाळिशीच्या वर असतो आणि जुनं अहमदाबाद हे पायी बघायचं शहर आहे, त्यामुळे उन्हाळ्यात सुट्टी आहे म्हणून मुलांना घेऊन जाऊ नका. १४-१५ जानेवारीला उत्तरायण असतं, तेव्हा सगळं शहर गच्चीवर चढलेलं असतं, पतंग, तिळाची चिक्की, उंधियू आणि जिलबी, बघण्यासारखं आहेच पण हॉटेलं महागतात आणि बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ते दिवस टाळलेले बरे. उंधियू काय, थंडीभर मिळतोच.

मुंबईहून जवळपास पाचशे किलोमीटर आहे. वंदे भारत साधारण साडेपाच तासांत पोचवते, पण मला विचाराल तर शुक्रवारी रात्रीची गाडी बेस्ट, झोपून जायचं आणि सकाळी उजाडताना उतरायचं, एक अख्खा दिवस वाचतो. एकच करा, तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा, कारण सगळ्या गाड्या मुख्य स्टेशनला जात नाहीत, काही साबरमतीला थांबतात, आणि मुख्य स्टेशनला तिथले लोक कालुपूर म्हणतात, रिक्षावाल्याशी बोलताना तेच नाव वापरायचं.

राहायचं कुठे यावर घरात वाद होतात. नदीच्या पश्चिमेला नवीन शहर, मोठी हॉटेलं, मॉल. पूर्वेला जुनं शहर. दोन दिवसांसाठी जात असाल तर हायवेच्या बाजूला स्वस्तात चकाचक रूम मिळतेय म्हणून तिकडे जाऊ नका, रोज येण्याजाण्यात दीड-दोन तास जातात. लाल दरवाजा किंवा एलिसब्रिज, आश्रम रोड या पट्ट्यात राहा, इथून सगळं हाताशी येतं. मेट्रो पण आता चांगली आहे, दोन मार्ग ओल्ड हायकोर्ट स्टेशनला एकमेकांना मिळतात, जुन्या शहरात घीकांटा आणि कालुपूर अशी भुयारी स्टेशनं आहेत. बाकी रिक्षा. चालकाला "भाई" किंवा वयस्कर असतील तर "काका" म्हणून हाक मारली आणि चार शब्द मोडक्यातोडक्या गुजरातीत बोललात तर ते स्वतःच सांगतात की बेन, तिथे नको, इथे खा, आणि ते सांगतात ते बहुतेक वेळा बरोबर असतं.

निघायच्या आधी घरूनच दोन बुकिंग करून ठेवायची. एक महानगरपालिकेचा हेरिटेज वॉक, आणि दुसरं, कापडाची आवड असेल तर शाहीबागेतलं कॅलिको म्युझियम. कॅलिको १९४९ साली साराभाई कुटुंबाने सुरू केलं, जुन्या भारतीय कापडाचा असा संग्रह मी दुसरीकडे पाहिला नाही, पण तिथे मोजक्याच लोकांना आणि आधी नाव नोंदवूनच सोडतात, असंच दारात जाऊन उभं राहून उपयोग नाही. लहान मुलं बरोबर असतील तर सोडून द्या. कांकरिया तलाव करायचा असेल तर तो सोमवारी बंद असतो, म्हणजे वीकेंडला सोमवारची रजा जोडणाऱ्यांनी तो शनिवार-रविवारीच उरकायचा.

शनिवारी सकाळी आठला वॉक सुरू होतो, कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून. १८२२ सालचं हे मंदिर, स्वामीनारायण संप्रदायाचं पहिलं, लाकडावरचं कोरीवकाम आणि त्यावरचे रंग बघून आईचे पाय तिथून निघेनात. इथून जवळजवळ अडीच तास पायी पायी जामा मशिदीपर्यंत नेतात. वॉकच्या आधी पोट भरून खाऊ नका, चहा घ्या फक्त. इथे कटिंगला "अडधी" म्हणतात, आलं-पुदिना घातलेला असतो बऱ्याच ठिकाणी.

या चालण्यात दिसतात त्या पोळ. पुण्यातल्या वाड्यांची आळी डोळ्यापुढे आणा, फक्त दाराला एक वेस आणि आत गल्ल्यांचं जाळं. लाकडी खांब, ओटे, आणि बऱ्याच पोळींत चौकाच्या मधोमध एक उंच खांब ज्याच्यावर छोटंसं नक्षीदार घर, तो चबुतरो. पक्ष्यांना दाणे टाकायची जागा. एका पोळीत एक आजी रोजच्यासारख्या जोंधळ्याची वाटी घेऊन आल्या, दोरी ओढून वर पाठवली, आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या की आधी यांचं, मग आमचा चहा. जुन्या घरांच्या चौकाखाली टाकं असतं, पावसाचं पाणी वर्षभर साठवायचं, आणि घरातली माणसं ते पाणी दाखवताना झाकण उघडून आत आरसा धरून उजेड पाडून दाखवतात. या सगळ्यामुळेच २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर म्हटलं, भारतातलं असं पहिलं शहर. वाटेत काळ्या रामाचं देऊळ लागतं, आपल्याला नाशिक आठवल्याशिवाय राहत नाही.

वॉक संपतो ती जामा मशीद १४२४ सालची, शहर वसवणाऱ्या अहमदशाहानेच बांधलेली, आत २६० खांब. डोकं झाकायला ओढणी बरोबर ठेवा आणि चपला काढाव्या लागतात. तिथून पाच-सात मिनिटांवर तीन दरवाजा, आणि इथे मराठी माणसाने थांबायचंच थांबायचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८१७-१८ पर्यंत हे शहर मराठ्यांच्या ताब्यात होतं, पेशवे आणि गायकवाड दोघांचा कारभार. तीन दरवाजावर देवनागरीतला एक शिलालेख आहे, १० ऑक्टोबर १८१२ चा, मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा हुकूम. मुलीला बापाच्या मालमत्तेतला वाटा विनाअडथळा द्यावा, आणि कुणी मोडता घातला तर हिंदूला महादेवापुढे आणि मुसलमानाला अल्ला-रसुलापुढे जाब द्यावा लागेल, असा त्याचा अर्थ. खाली फेरीवाल्यांची ही गर्दी, मोजे, कंगवे, प्लॅस्टिकचे डबे, आणि वर हे दोनशे वर्षांपूर्वीचं वाक्य. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, तिच्या माहेरच्या वाटणीचं मला माहीत होतं. पाटी सहज दिसत नाही, जवळच्या दुकानदाराला विचारा.

एक गोष्ट शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, शहर सगळं शाकाहारी नाही. तीन दरवाजाला लागूनच भटियार गल्ली आहे, तिथे मांसाहारी खाणं पिढ्यानपिढ्या चालत आलंय, वास सहन होत नसेल तर ती गल्ली टाळून भद्र किल्ल्याच्या बाजूने जा. बाकी बहुतेक ठिकाणी इथे उलटा प्रकार असतो, दुसऱ्या शहरांत आपण विचारतो की व्हेज आहे का, इथे वेटर आपल्यालाच विचारतो की रेग्युलर की जैन. जैन म्हणजे कांदा, लसूण, बटाटा, गाजर, जमिनीखालचं काहीच नाही, आणि पावभाजी पण जैन मिळते, बटाट्याच्या जागी कच्चं केळं घालून. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना नुसतं "जैन" एवढा एक शब्द पुरतो, समजावून सांगत बसावं लागत नाही. आणि उपवास असेल तर शब्द "फराळी". आपल्याकडे फराळ म्हटलं की चकली-लाडू डोळ्यांपुढे येतात, इथे फराळी म्हणजे फक्त उपवासाचं. फराळी पेटिस, फराळी चिवडा, राजगिऱ्याच्या पुऱ्या, मोरैयो म्हणजे आपली वरी. फक्त आपल्या घरी उपवासाला जे चालत नाही ते त्यांच्या फराळीत असू शकतं, तेव्हा काय काय घातलंय ते विचारून घ्या, लगेच सांगतात.

लाल दरवाज्याला सिदी सैयदची जाळी. १५७२-७३ ची मशीद. दगडात झाड कोरलंय, फांद्या एकमेकींत गुंतत वर जातात, आणि दगड इतका पातळ की उजेड आला की पानं हलतात असं वाटतं. लोक समोरून फोटो काढून पाच मिनिटांत निघतात, तुम्ही आत जाऊन बसा आणि आतून बाहेर बघा. आयआयएम अहमदाबादच्या बोधचिन्हात हीच जाळी आहे. जवळच एक जुनं चहाचं हॉटेल आहे, लकी, जिथे टेबलांच्या मधे हिरव्या रंगाच्या कबरी आहेत आणि रोज त्यांच्यावर फुलं वाहतात, भिंतीवर एम. एफ. हुसेन यांनी दिलेलं चित्र. मस्का बन आणि चहा. वेगळंच वाटतं पहिल्यांदा, मग नाही वाटत.

आणि साडेबाराला थाळी. एक वाजता जाऊ म्हणू नका, शनिवार-रविवारी एक वाजता रांग असते. सकाळी मुद्दाम कमी खाल्लेलं असतं ते याच्यासाठी. सिदी सैयदच्या समोरच १९२४ सालच्या एका हवेलीत गच्चीवर अगाशिये आहे, महाग आहे पण आई-वडिलांना घेऊन एकदा जाण्यासारखं. नाहीतर आश्रम रोड, सी. जी. रोडला साध्या थाळ्या भरपूर आहेत. थाळीचं तंत्र असं की पहिल्या वाढणीला सगळं थोडं थोडं घ्या. दोन फरसाण, दोन-तीन भाज्या, एक कडधान्य म्हणजे त्यांचं कठोळ, वरण, कढी, पोळ्या लहान आणि फुलक्यासारख्या, पुरी, भाकरी, गोड. माझ्या नवऱ्याने पहिल्या खेपेला खांडवी चार वेळा घेतली, आपली सुरळीची वडीच ती, आणि मग खिचडी-कढी आली तेव्हा जागा नव्हती. शेवटची गरम खिचडी, वरून तूप आणि कढी, हाच त्या जेवणाचा आत्मा आहे, तिच्यासाठी जागा ठेवा. डाळ गोड लागणार, गूळ असतो, शेंगदाणे असतात, तक्रार करू नका, तिखट हवं असेल तर लसणाची चटणी मागा. ताक पोटभर प्या.

जेवण झालं की रूमवर जाऊन दोन तास झोपा. हे मी गंभीरपणे सांगतेय, दुपारी तीनला कुठल्याही स्मारकाला जाऊ नका, कारण रात्री जागायचंय.

चार-साडेचारला साबरमती आश्रम. गांधीजी १९१७ मध्ये कोचरबच्या आधीच्या आश्रमातून इथे आले आणि १२ मार्च १९३० ला इथूनच दांडीला निघाले. प्रवेश मोफत आहे. हृदयकुंज म्हणजे गांधीजींचं राहतं घर, अगदी साधं आहे, ओसरीत बसून समोर नदी, आणि शेजारी विनोबांची कुटी. आश्रमातल्या प्रार्थनांचं गाणं सांभाळणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे आपलेच, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, दांडीयात्रेतही होते. संग्रहालयाची बैठी मोकळी इमारत चार्ल्स कोरिया यांची, १९६३ ची. इथे घाई करू नका, दीड तास द्या. संध्याकाळी रिव्हरफ्रंट, अटल पूल, ते ठीकच आहे, मुलांना आवडतं.

रात्रीचं जेवण वेगळं करायचं नाही, साडेनऊ-दहाला सरळ माणेकचौक. सकाळी इथे गाईंचा चारा विकतात, दिवसभर सराफा, आणि दुकानांची शटरं पडली की त्याच रस्त्यावर टेबलं-खुर्च्या मांडून खाण्याचे ठेले, मध्यरात्रीनंतरही चालू. सोन्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून पावभाजी खायची. आत शिरल्या शिरल्या प्रत्येक ठेल्यावरून मेन्यूकार्ड पुढे करतात, गडबडून पहिल्याच टेबलावर बसू नका, एक चक्कर मारा, तव्याभोवती गर्दी कुठे आहे बघा. चार जणांत दोनच गोष्टी मागवा कारण लोणी आणि चीज यांचा हात इथे फार सढळ आहे, सँडविचवर चीजचा किसून डोंगर करतात, पावाचा तुकडा दिसत नाही. नको असेल तर "चीज ओछुं" म्हणायचं. अननसाचं सँडविच, चॉकलेटचं सँडविच, लोण्यात भिजलेले डोसे, आणि शेवटी कुल्फी. पाणी मात्र बाटलीचंच घ्या, बर्फाचे प्रकार पोट नाजूक असेल तर नकोत.

रविवारी सकाळी फाफडा. आठच्या आत. कुठल्याही गल्लीत ज्या दुकानापुढे कागदी पुडे हातात घेऊन माणसं उभी आहेत तिथे जा, नाव शोधत बसू नका. कारागिराचा हात बघा जरा वेळ. लाकडी पाटावर पिठाची गोळी ठेवतो, तळहाताच्या टाचेने एका दमात पुढे ढकलतो, पट्टी लांब पसरते, मग सुरी तिच्याखालून सर्रकन फिरवून तीच पट्टी उचलून तेलात. एका मिनिटात दहा-बारा. बरोबर तळलेल्या मिरच्या, कच्च्या पपईचा संभारो, बेसनाची पिवळी पातळ चटणी आणि गरम जिलबी. घडी घालून पार्सल नेऊ नका, पाच मिनिटांत मऊ पडतो. ज्यांना तळलेलं नको त्यांनी खमण घ्यावं. आपण पिवळ्या वडीला ढोकळा म्हणतो ते इथे खमण, डाळीचं किंवा बेसनाचं. ढोकळा म्हणजे तांदूळ-डाळ आंबवून केलेला, पांढरट. दुकानात ढोकळा मागून खमणाची वाट बघत बसाल. खमण कुस्करून वर शेव आणि डाळिंबाचे दाणे घातले की सेव खमणी, आईला सगळ्यात तीच आवडली.

नाश्ता करून अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, शहरापासून उत्तरेला अठरा-वीस किलोमीटर, रिक्षा किंवा कॅब जाऊन-येऊन ठरवा. १४९९ सालची, पाच मजले जमिनीत खाली. एकेक मजला उतरला की उजेड कमी होतो आणि हवा गार होत जाते, गुडघे दुखणाऱ्यांनी दोन मजले उतरले तरी पुष्कळ दिसतं. कोरीवकामात ताक घुसळणाऱ्या बायका शोधा, सापडल्या की आदल्या दिवशीचं थाळीतलं ताक आठवेल. दहानंतर सहलीच्या बसेस यायला लागतात, म्हणून लवकर. परतताना दिल्ली दरवाज्याबाहेरचं हठीसिंगांचं जैन देरासर म्हणजे मंदिर, १८४८ चं, पांढरा संगमरवर, आत फोटो काढायचे नाहीत.

कुणी तुम्हाला म्हणेल की रविवारी मोढेऱ्याचं सूर्यमंदिर आणि पाटणची राणी की वाव करून या. नका करू. शंभरच्या नोटेवर आहे ती वाव बघायला अख्खा दिवस वेगळा काढा, नाहीतर गाडीतच दिवस जातो आणि जेवण हायवेवरच्या कुठल्यातरी ढाब्यावर. त्यापेक्षा एलिसब्रिजजवळची रविवारची गुजरी, जुना बाजार, जुन्या लाकडी वस्तूंपासून पुस्तकांपर्यंत सगळं, एक तास फिरा.

दुपारी हलकं खा. चार वाजता सरखेज रोजा, पंधराव्या शतकातला दर्गा, मशीद, तलावाच्या पायऱ्या, मला स्वतःला सगळ्या शहरात ही जागा सगळ्यात शांत वाटते, मुलं पायऱ्यांवर खेळत असतात आणि कुणी हटकत नाही. तिथून जवळच वासणा भागात विशाला, गावासारखं केलेलं हॉटेल, कंदिलाच्या उजेडात जमिनीवर बसून जेवण. जेवायच्या आधी तिथलं भांड्यांचं संग्रहालय जरूर बघा, हजारो भांडी आहेत, अडकित्ते, घागरी, डबे, आणि आई प्रत्येकापुढे थांबून हे आमच्याकडे होतं, हे आजीकडे होतं असं म्हणत होती. रात्रीची गाडी असेल तर हे जेवण आवरतं घ्या किंवा सोडून द्या, तिथे निवांत बसून वाढतात, घड्याळ बघत जेवायची ती जागा नाही. मग काठियावाडी कुठेतरी शेव-टमाट्याची भाजी, रिंगणाचा ओळो म्हणजे आपलं भरीत, आणि बाजरीचा रोटला, अर्ध्या तासात उरकतं आणि दोन दिवसांच्या गोडानंतर ते तिखट फार बरं वाटतं.

गाडीसाठी थेपले आणि छुंदा म्हणजे कैरीचं गोड लोणचं बांधून घ्या, दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतात. घरी न्यायला खाखरा घ्या, पण पिशवीत सगळ्यात वर ठेवा आणि वरच्या बर्थवर स्वतःच्या उशाशी, खाली सीटखाली सरकवला की ठाण्याला पोचेपर्यंत चुरा.